काटा खाली येतो तेव्हा

मी गेज बोलतोय. गाडीच्या पुढच्या कप्प्यातून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबका येत असेल. माझ्या पाठीला लागून प्लॅस्टिकची पातळ भिंत आहे, आणि त्या भिंतीपलीकडे आत्ताही फुस्स असा बारीक आवाज चालू आहे. दूध उतू जायच्या आधी पातेल्यातून येतो ना, तसा. वेळ थोडा आहे. पण पहिल्यापासून सांगितल्याशिवाय तुम्हाला कळायचं नाही.

माझं रूप साधं. मुठीएवढी गोल तबकडी, तिच्यावर काच, काचेखाली काळा काटा आणि खाली लोंबणारी निळी नळी. थंडावा देणाऱ्या यंत्रात गॅस असतो. तो नळ्यांमधून फिरत राहतो म्हणून हवा गार येते. तो पुरेसा आहे की कमी, एवढंच मी सांगतो. पुरेसा असला की माझा काटा हिरव्या पट्टीत उभा राहतो. कमी झाला की डावीकडे कलतो. दुसरं काही मला येत नाही.

माझा पहिला मालक म्हणजे फ्रिज दुरुस्त करणारा एक म्हातारा मेस्त्री. त्याची एक खोड होती. काटा खाली दिसला की तो माझ्यावर तळहात ठेवायचा आणि समोरच्याला विचारायचा, "गेला कुठे?"

लोक वैतागायचे. "अहो, गेला असेल कुठेतरी. तुम्ही भरा ना!"

"बंद नळीतला गॅस पाय फुटून जात नाही," असं म्हणून तो साबणाचा फेस करायचा, एकेका जोडाला लावायचा आणि कान देऊन बसायचा. बुडबुडा सापडेपर्यंत गॅसच्या डब्याला हात लावायचा नाही. कधी एक दिवस जायचा, कधी दोन. लोक त्याला 'सावकाश मेस्त्री' म्हणायचे. त्याच्या हातात मी वीस वर्षं राहिलो, आणि त्या वीस वर्षांत एकदाही मला भीती वाटली नाही.

मग त्याचे हात थरथरायला लागले. दुकान दुसऱ्याला द्यायचं ठरलं, म्हणून आधी रंगवायला काढलं. रंगवायला आला तो माझा दुसरा मालक. रंगारी. उंच, हसतमुख, कानामागे कायम पेन्सिल. काम संपता संपता मेस्त्रीने मला त्याच्या हातात दिलं.

"तुझ्या गाडीचा एसी बंद आहे म्हणत होतास ना? हा ने. पण एक लक्षात ठेव. काटा खरं बोलतो, पण अर्धंच बोलतो. उरलेलं अर्धं आपण शोधायचं असतं."

रंगारी शिडीवर होता. एका हातात मी, दुसऱ्या हातात ब्रश. "हो हो, काका," म्हणाला आणि छताचा राहिलेला कोपरा रंगवायला लागला.

असा मी या घरात आलो. दोन खोल्या, पुढे अरुंद गल्ली आणि गल्लीत ही जुनी गाडी. मागे रंगाचे डबे, रोलर, थिनरचे कॅन. या गाडीत बसलं की आधी थिनरचा वास येतो, मग बाकी जग.

घरात माणसं चार. रंगारी, त्याची बायको, त्याचे वडील आबा आणि साडेतीन वर्षांची मुलगी. मुलीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी बसलेली कुणी बघितलेलीच नाही. जेवताना घास तोंडात घेऊन पलंगाला एक फेरी मारून येते, मग दुसरा घास.

बायको फार काळजी करणारी. शेगडीचं बटण तीनदा बघणार. एकदा डोळ्यांनी, एकदा हाताने आणि एकदा घराबाहेर पडून परत येऊन. सिलिंडर बदलला की जोडाला साबणाचा फेस लावून बघणार. घरातल्यांना तिची सवय झाली होती. सवय झाली की ऐकू येईनासं होतं, हे मी माणसांकडूनच शिकलो.

एसी नीट करा, हा हट्ट तिचाच. उन्हाळ्यात भिंगरीचं अंग घामोळ्यांनी लाल व्हायचं, गाडीत बसली की उलटी करायची. "पोरीसाठी तरी करा हो," ती म्हणाली होती. ते वाक्य आता तिला किती टोचत असेल, देव जाणे.

रंगाऱ्याने काम मनापासून केलं, ते मी नाकारणार नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळपासून बसला. हवेची चाळणी काढली, तिच्यातून वाळलेली पानं आणि मेलेला नाकतोडा निघाला. पुढच्या जाळीतली माती त्याने भिंतीच्या कोपऱ्यात फिरवायच्या बारक्या ब्रशने इतकी अलगद काढली की मलाच गुदगुल्या झाल्या. मग मला नळीला जोडलं. काटा खाली होता. दुकानातून आणलेला गॅसचा डबा लावला, काटा हिरव्यात चढला आणि गाडीत गार वारा आला.

बायकोने भिंगरीचा चेहरा त्या वाऱ्यासमोर धरला. पोर खिदळली. रंगारी कपाळ पुसत म्हणाला, "बघ! गॅरेजवाल्याची गरज आहे का काही?"

"हुशारच आहात," ती म्हणाली. त्या दिवशी घरात सगळे खूश होते. मीसुद्धा.

वीस दिवसांनी वारा कोमट झाला. मला जोडलं. काटा खाली.

मी वाट बघत राहिलो. आता हा माझ्यावर तळहात ठेवेल आणि विचारेल, गेला कुठे? त्याने नाही विचारलं. "कमी झालाय जरा," म्हणाला आणि दुसरा डबा लावला.

काम झाल्यावर त्याने मला या कप्प्यात ठेवलं, आणि तिथे मला पहिल्यांदा तो आवाज ऐकू आला. कप्प्याच्या मागेच कूलिंग कॉइल असते. तिच्यावरून येणारी हवाच माणसांच्या तोंडावर येते. त्या कॉइलला कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. फुस्स. गॅस बाहेर रस्त्यावर जात नव्हता, आत येत होता. बसलेल्या माणसांमध्ये.

मला तोंड नाही. माझ्याकडे एक काटा आहे, आणि तोही नळीला जोडलं तरच हलतो.

तिसऱ्या वेळी दुकानदार म्हणाला, या जुन्या गाडीचा गॅस आता येत नाही. रंगारी तोंड पाडून परत आला. तेव्हा गल्लीच्या टोकाला दुकान असलेला वेल्डर गाडीला टेकून उभा होता. हा वेल्डर म्हणजे दिलदार माणूस, कुणाचंही काम अडलं की उपाय सांगणार आणि करून देणार. त्याच्या हातात सतत ठिणगी पाडायचा चिमटा. बोलताना तो चिमटा दाबत राहतो, खर्र खर्र, दुसरा कुणी पेनची टोपी उघडझाप करेल तसा.

"एवढंच ना? तुझी ती चहाची छोटी गॅसची टाकी आहे ना, कामावर नेतोस ती? तिच्यातला भर. बर्फ पडेल गाडीत, बर्फ!"

"शेगडीचा गॅस? पेट घेईल की रे."

"बंद नळीत कसा पेट घेईल? मी रोज जाळाशी खेळतो, मला शिकवतोस? फक्त वहिनींना सांगू नकोस. उगाच घाबरतील."

आणि रंगाऱ्याने तेच केलं. काटा चढला. खरंच चढला! मी खोटं कसं बोलू? गॅस कुठला, हे मला कळत नाही. दाब तेवढा कळतो.

त्या दिवसापासून या गाडीतला प्रत्येक प्रवास मी दात आवळून काढला. दात नाहीत मला, पण असते तर तुटले असते.

पहिल्याच फेरीत बायको म्हणाली, "अहो, थांबा. गॅसचा वास येतोय."

"कुठे? मला तर नाही येत."

त्याला येणार कसा? पंधरा वर्षं थिनर हुंगून त्याचं नाक कामातून गेलं होतं. भाजी करपली तरी त्याला धूर दिसल्यावर कळायचं. आबांनी चाळीस वर्षं सिगारेट ओढून दोन वर्षांपूर्वी सोडलेली, त्यांचंही नाक नावालाच.

ती स्वतःच्या पदराचा वास घेत म्हणाली, "मी शेगडी चालू ठेवून आले बहुतेक. वळवा गाडी."

गाडी वळली. शेगडी बंद होती. पुढच्या वेळी पुन्हा वास, पुन्हा गाडी वळली, पुन्हा शेगडी बंद. तिसऱ्या वेळी रंगारी हसायला लागला.

"अगं, आता शेगडी बरोबरच घेऊन फिरत जा. मांडीवर ठेव."

आबा म्हणाले, "सूनबाई, रंगाऱ्याची गाडी आहे. हिच्यात काय मोगऱ्याचा वास येणार?"

मागून भिंगरीने विचारलं, "आई, गाडीत शेगडी आहे?"

सगळे हसले. ती पण हसली, ओशाळून. आपल्या मनाचेच खेळ आहेत असं तिला वाटायला लागलं. वास येई तेव्हा ती ओठ मिटून बसायची आणि मनातल्या मनात शेगडीचं बटण आठवायची. डोळ्यांनी बघितलं होतं. हाताने बघितलं होतं.

पण एक गोष्ट तिला खटकायची, आणि ती तिने बोलून दाखवली.

"भिंगरी गाडीत बसली की पाच मिनिटांत झोपते. घरी दुपारी थोपटून थोपटून हात दुखतात."

"गारवा लागला की झोप लागणारच. त्यासाठीच तर केला ना एसी?" रंगारी अभिमानाने म्हणायचा.

ती मागे वळून पोरीकडे बघत राहायची. झोपलेलं मूल आणि गुंगीत पडलेलं मूल यातला फरक आईला कळतो. पण कळलेलं सांगायचं कसं, हे तिला कळत नव्हतं. सातवी शिकलेल्या बाईला लोक म्हणतात, तुला काय समजतं गं यातलं. माझी आणि तिची अवस्था एकच. दोघांनाही अर्धंच दिसत होतं.

आता आबांच्या लायटरचं सांगतो. सिगारेट सुटली, पण लायटर सुटला नाही. सतत खिशात. भिंगरीशी त्यांचा एक खेळ होता. ते लायटर पेटवायचे आणि ती गाल फुगवून फू करून विझवायची. दिवसातून दहा वेळा. घरात, ओट्यावर, कुठेही. गाडीत तो खेळ अजून झाला नव्हता, कारण गाडीत ती झोपलेली असायची. ज्या झोपेची आईला भीती वाटायची, त्या झोपेनेच सगळ्यांना वाचवलं होतं. किती दिवस वाचवणार होती?

तो दिवस उजाडला. बायकोच्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. दुपारचं ऊन. आबा पुढच्या सीटवर जाऊन बसले, भिंगरीला मागे बसवलं, काचा बंद केल्या. वारा कोमट येत होता, म्हणून रंगारी बॉनेट उघडून, मला जोडून घाईघाईने गॅस भरत होता. बायको घरात आहे असं समजून.

ती घरात होतीही. निघण्याआधी सिलिंडरच्या जोडाला फेस लावून बघत होती. मग उरलेल्या फेसाचा मग हातात तसाच घेऊन ती कुलूप लावायला बाहेर आली, आणि बॉनेटशेजारी येऊन थांबली.

"ही चहाची टाकी इथे काय करतेय?"

रंगारी दचकला. "अगं... ते..."

"शेगडीचा गॅस भरताय गाडीत?"

"ओरडू नकोस. गच्च बंद आहे सगळं. बाहेर येतच नाही तो."

"किती वेळा भरलात?"

"ही तिसरी वेळ. पण तू समजतेस तसं नाही गं. आण तो फेस. लाव जिथे लावायचाय तिथे. एक बुडबुडा दाखव मला."

तिने इंजिन बंद करायला लावलं आणि फेस लावायला सुरुवात केली. तिचं काम अगदी त्या म्हाताऱ्या मेस्त्रीसारखं. एक जोड, दुसरा जोड, नळीचं वळण, माझी मानसुद्धा. फेस जिथल्या तिथे शांत बसला होता. बुडबुडा नाही.

रंगारी हसला. "झालं समाधान?"

ती हसली नाही. रिकामा मग हातात धरून नुसती बघत राहिली. तिचा चेहरा उतरत गेलेला मी माझ्या काचेत बघितला.

"मग गेला कुठे?" ती म्हणाली.

किती वर्षांनी ऐकले मी ते शब्द!

"काय?"

"तीन वेळा भरलात. बाहेर कुठेच गळत नाही. मग गेला कुठे?" आणि मग एकदम, "परवा त्या दुमजली घरवाल्या बाईंना काय सांगत होतात? ओल कुठून येते ते आधी शोधा, त्याशिवाय मी भिंतीला ब्रश लावणार नाही. डागावर रंग मारला की डाग आत पसरतो. तुम्हीच म्हणालात ना? मग तुम्ही तीन वेळा काय मारलंत?"

रंगाऱ्याने कानामागची पेन्सिल काढली, बघितली आणि परत ठेवली. डागाची गोष्ट त्याला न समजणारी नव्हती. काटा जसा माझ्या रोजच्या कामातला, तसा डाग त्याच्या. मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो, आणि त्याचे डोळे बॉनेटवरून हळूहळू आतल्या बंद काचांकडे गेले.

तेव्हाच आतून आबांचा आवाज आला, काचेमुळे दबलेला. "ऊठ गं भिंगरे, किती झोपतेस? हे बघ काय आहे माझ्याकडे. फू कर, फू..."

आणि लायटरचं झाकण उघडल्याचा आवाज. टक्.

बायकोच्या हातातला रिकामा मग खाली पडला. बाकी मी बघितलं नाही, ऐकलं. मागचं दार उघडलं, पुढचं दार उघडलं, आबा ओरडले, "अगं हात काय पिळतेस!", लायटर गल्लीतल्या फरशीवर घरंगळत गेला. मग आवाज थांबले. आणि एकच हाक येत राहिली.

"भिंगरी. भिंगरी. भिंगरे, ऊठ ना गं. बाळा. ऊठ."

पाच हाका. मी मोजल्या. सहाव्या हाकेला बारीक आवाज आला, "आई, पाणी."

रंगारी गाडीच्या पुढच्या चाकाशी खाली बसला. मोठा माणूस, पण लहान मुलासारखा बसला.

इथे गोष्ट संपली असती तर मी तुम्हाला हाक मारली नसती.

बायकोने चारही काचा खाली करून ठेवल्या. शहाण्या मेकॅनिकला बोलावलं, तो सोमवारी येतो म्हणाला. तोवर गाडीजवळ कुणी जायचं नाही, लायटर तर नाहीच, असं तिने बजावलं. मी परत कप्प्यात. दोन दिवस खिडक्यांतून वारा आला, धूळ आली. मला वाटलं, निभावलं.

आज रविवार. ती भिंगरीला घेऊन दवाखान्यात गेली, पोर अजून थोडी मलूल आहे म्हणून. तेवढ्यात वेल्डर आला. चिमटा खर्र खर्र.

"काय रंगारी, गाडी उभीच? मला दे ना आजचा दिवस. बायकोला माहेरी सोडायचंय, बाळ पहिल्यांदा जातंय आजोळी."

"गाडी बंद आहे रे."

"बघू." वेल्डर आत बसला, किल्ली फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. "ही बंद गाडी? का वहिनींनी बंदी घातलीय?" आणि मोठ्याने हसला.

एक वाक्य पुरलं असतं. परवा माझी पोर मरता मरता वाचली, एवढं. पण ते सांगायचं म्हणजे आपण काय केलं होतं तेही सांगायचं, आणि घाबरट म्हणवून घ्यायचं. रंगाऱ्याच्या तोंडून ते निघालं नाही.

"ने," तो म्हणाला. "पण एसी लावू नकोस."

"नाही लावत, बाबा."

एसी लावला नाही म्हणून भोक बुजत नाही. वेल्डरने गाडी त्याच्या दुकानासमोर, भर उन्हात उभी केली. धूळ येते म्हणून चारही काचा वर केल्या आणि जेवायला गेला. तास झाला. मी एकटा, आणि पाठीमागे फुस्स.

आत्ताच तो परत आलाय. पुढे बसलाय. मागे त्याची बायको बसली, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. वास आला म्हणून तिने नाक मुरडलं, तर तो म्हणाला, रंगाऱ्याची गाडी आहे, थिनरचा असणार.

"अगं बाई," ती म्हणतेय, "बघा तरी. बसल्या बसल्या झोपलं."

"माझ्यावर गेलंय," तो म्हणतोय. "तुझं आवरलं ना सगळं? बॅग घेतली? औषध?"

"औषध राहिलं की! थांबा, आठवते कुठे ठेवलं ते."

तो थांबलाय. थांबलं की त्याचा हात कुठे जातो ते मला माहीत आहे. खिशात चाचपतोय.

आणि दूर गल्लीत चपला वाजतायत. पळणाऱ्या चपला. ती चाल मी ओळखतो. शेगडी बघायला परत फिरणारी, सगळ्यांनी हसण्यावारी नेलेली ती चाल. तिने घरापुढची गाडीची रिकामी जागा बघितली असणार. ती ओरडतेय, "काचा खाली करा! अहो, काचा!" पण काचा बंद आहेत, आणि बंद काचेतून आवाज दबका येतो. माझ्यासारखाच.

"कोण गं ते?" वेल्डर म्हणतोय. "वहिनी वाटतं. काय झालं यांना आता?"

ये बाई. लवकर ये. अजून दहा पावलं.

आणि तुम्ही, जे कोणी ऐकत असाल, एवढं करा. तुमच्या घरात एखादी बाई म्हणाली की वास येतोय, तर हसायच्या आधी दार उघडा. माझ्यासारख्याचा काटा खाली आलेला दिसला, तर डबा हातात घेऊ नका. तळहात ठेवा माझ्यावर आणि विचारा.

त्याने चिमटा बाहेर काढलाय.